चार फुटात साठ मीटरची सुपरयॉट: आतून बाहेरून कशी बनवायची

भाचा आला आणि म्हणाला, "मामा, यंदा गल्लीच्या गणपतीला जहाज करालोय, तू पायजेस." म्हटलं कसलं जहाज गा, तर मोबाईल पुढं केला. पांढरीशुभ्र, चार मजली, वर हेलिकॉप्टर, मागं पाण्यात उतरायला जिना, असली श्रीमंताची यॉट. मी बेळगावच्या उद्यमबागेत पंचवीस वर्षं फौंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाला लागणारे लाकडी नमुने, करतोय, पंपाच्या बॉडीचा म्हणा नाहीतर गिअरबॉक्सचा म्हणा, पण जहाज कधी केलं नव्हतं. केलं. पहिलं फसलं, दुसरं बरं झालं, आणि आता दरवर्षी कुणीतरी विचारतंयच कसं केलासा म्हणून, तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट. सुपरयॉट म्हणजे नुसती मोठी बोट नव्हे. पणजीला मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी असतात ती बघून पोरं म्हणतात, तसलंच की मामा. तसलं नव्हे. साधारण २४ मीटरच्या वरची, खाजगी मौजेची, पगारी खलाशी असलेली बोट म्हणजे सुपरयॉट, आणि वरची हद्द म्हणाल तर जर्मनीच्या ल्युर्सन ह्या जहाज कारखान्यानं २०१३ ला दिलेली अझाम नावाची यॉट १८० मीटरची आहे, म्हणजे आपल्या पंधरा लाल बसा एकामागं एक लावल्या तर तेवढी. आपण ६० मीटरची धरायची. कारण १:५० स्केलला ती बरोबर १.२ मीटर होते, चार फुटाला जरा कमी, टेम्पोत मावते, मंडपाच्या टेबलावर मावते, आणि एका खोलीत काय ठेवलंय ते लहान पोरालाही दिसतं. १:१०० ला केलात तर सगळं काडेपेटीसारखं होतंय, आतलं काही कळत नाही.

आता माझी पहिली चूक सांगतो म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील. मी काय केलं, फोटो बघून आधी बाहेरचा आकार केला. नाक झकास, काचा झकास, पुट्टी मारून रंगाला तयार, आणि मग आत खोल्या पाडायला बसलो. तेवढ्यात चंदगडकडचा एकजण बघायला आला, शिपवर स्टुअर्ड म्हणून, म्हणजे पाहुण्यांचं हवं-नको बघण्यात, बरीच वर्षं काढलेला. त्यानं दोन मिनिटं वाकून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "दादा, ह्यात पाहुण्याच्या खोलीत टॉवेल घेऊन जाणारी पोरगी कुठनं चालतेय?" मी गप्प. खलाशांच्या खोल्या मी पुढं नाकात दिल्या होत्या, स्वयंपाकघर मागं, आणि मध्ये सगळा पाहुण्यांचा हॉल. म्हणजे मटणाचं पातेलं मालकाच्या सोफ्यापुढनं न्यायचं. तो म्हणाला, तिथं कामाची माणसं दिसता कामा नयेत पण काम सगळं झालेलं पायजे, आणि त्यासाठी एका यॉटमध्ये दोन यॉटी असतात, एक पाहुण्यांची आणि एक खलाशांची, दोघांचे जिने वेगळे, बोळ वेगळे. चिकटवलेला वरचा डेक, म्हणजे मजला, मी त्याच रात्री पटाशी घालून उचकटून काढला.

तेव्हा सुरुवात कागदावर. लाकूड नाही, रंग नाही, आधी प्रत्येक मजल्याचा वरनं दिसणारा नकाशा काढा. यॉटवाले ह्याला जनरल अरेंजमेंट म्हणतात, जीए. ५० नं भागत बसायचा कंटाळा येत असेल तर एक सोपं ध्यानात ठेवा, खरा १ मीटर म्हणजे आपले २ सेंटिमीटर.

नकाशात माणसं किती धरायची? पाहुणे १२. बाराच का, तर आंतरराष्ट्रीय नियमानं १२ च्या वर प्रवासी घेतले की ते जहाज पॅसेंजर शिप ठरतं, आणि मग लाईफबोटीपासून आग अडवणाऱ्या भिंतीपर्यंत सगळे नियम क्रूझसारखे लागू होतात. म्हणून पैसा कितीही असू दे, बऱ्याचशा यॉटींत ६ खोल्या आणि १२ पाहुणे हाच हिशोब दिसतो. खलाशी तेरा-चौदा धरा. म्हणजे पाहुण्यांपेक्षा सेवेची माणसं जास्त, हे डोक्यात बसलं की नकाशा आपोआप वेगळा पडायला लागतो.

खालनं वर असा जावा. सगळ्यात खाली डबल बॉटम, त्यात डिझेल-पाण्याच्या टाक्या. त्याच्यावर टँक डेक, तिथं लाँड्री, शीतगृह, सामान, आणि मुख्य म्हणजे खलाशांचा बोळ. त्याच्यावर लोअर डेक: मागून पुढं आलात तर आधी बीच क्लब, म्हणजे पाण्याला लागून बसायची जागा, मग इंजिनरूम, मग पाहुण्यांच्या खोल्या, मग पुढं खलाशांच्या. पाहुण्यांना मधोमध का, कारण जहाज लाटेवर बागेतल्या सी-सॉसारखं वरखाली होतं आणि सी-सॉचा मधला भाग कमी हलतो. नाकात जो झोपतो त्याला लाट आपटलेली रात्रभर कळते, तिथं खलाशी. आणि आता बघा, खलाशी पुढं, इंजिन मागं, मध्ये पाहुणे, मग इंजिनवाल्यानं ड्युटीला जायचं कुठनं? त्यासाठी तो खालचा टँक डेकचा बोळ. मोठ्या यॉटींत तो असतोच. पहिल्या मॉडेलात मी खाली नुसतं भरीव लाकूड ठेवलं होतं.

मेन डेकवर मागं मोकळी जागा, मग दिवाणखाना आणि जेवणाचं टेबल, मग मधला जिना, एका बाजूला स्वयंपाकघर, आणि पुढं मालकाची खोली, तीही ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत सगळी रुंदी घेऊन. वरच्या डेकवर पुढं ब्रिज, म्हणजे चालवायची जागा, तिला लागून कॅप्टनची खोली, मागं दुसरी बैठक. त्याच्यावर सनडेक. स्वयंपाकघरातनं प्रत्येक मजल्यावर छोटी पॅन्ट्री आणि त्यांना जोडणारी ताटांची लिफ्ट दाखवा, काडेपेटीएवढीच होते पण बघणारे तीच दाखवत बसतात एकमेकांना.

नकाशा झाला की एक पेन्सिल घ्या आणि सकाळच्या चहाचा कप स्वयंपाकघरातनं मालकाच्या पलंगापर्यंत न्या. मग मळकी चादर तिथनं लाँड्रीपर्यंत आणा. पाहुण्यांच्या बोळात दोनदा शिरावं लागलं तर खोडा आणि परत काढा. मला चार वेळा काढावं लागलं.

मोठ्या मापाचं एक सांगून टाकतो, मॉडेलला लागत नाही पण लोक विचारतात. यॉट किती मोठी हे नुसत्या लांबीवर नसतं, ग्रॉस टनेज बघतात. ते वजन नव्हे, आतली बंद जागा किती त्यावर काढलेला आकडा. ५०० ग्रॉस टनेजला नियमांची एक मोठी रेघ आहे, म्हणून ४९९ वर थांबलेल्या यॉटी पुष्कळ दिसतात, आपल्याकडं घर बांधताना सेटबॅक बघून भिंत इंचानं आत घेतात तसलंच. ६० मीटरची सहसा ५०० च्या बरीच वर जाते.

आता आकार. तीन चित्रं लागतात, बाजूनं, वरनं आणि आडवे छेद. लांबीचे १० भाग करा, दर १२ सेंटिमीटरला एक रेघ, आणि प्रत्येक रेघेवर हल, म्हणजे जहाजाचं खालचं धड, किती रुंद किती खोल ते काढा. पुढच्या आणि मागच्या टोकाला अर्ध्या अर्ध्या भागावर जादा रेघ घ्या कारण वळण तिथंच झपकन बदलतं. रुंदी ११ मीटर म्हणजे २२ सेंटिमीटर, पाण्याखाली साडेतीन मीटर म्हणजे ७ सेंटिमीटर. प्रत्येक छेदाचा अर्धा टेम्प्लेट २ एमएम एमडीएफमधनं कापून ठेवा आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. डोळ्यानं दोन्ही बाजू सारख्या होतात असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावं, माझं पहिलं जहाज पुढनं बघितलं की तोंड वाकडं केल्यासारखं दिसायचं.

लाकूड पाईन घ्या. उद्यमबागेत मशिनं ज्या पेट्यांतनं येतात त्यांच्या फळ्या भंगारात मिळतात, गाठी सोडून निवडायच्या, महिनाभर घरात सुकवायच्या आणि रंधून १८ एमएमच्या करायच्या. थर्माकोल नको. वर पॉलिस्टर पुट्टी लावलात की ते बर्फासारखं विरघळतंय, मी स्वतः बघितलंय, संध्याकाळी चांगलं होतं आणि सकाळी खड्डा. एमडीएफ जड पडतो आणि बेळगावच्या पावसात कडा फुगतात.

फळ्यांचे ७ थर एकावर एक रचायचे. खालचा पहिला थर भरीव, ते आपलं डबल बॉटम. दुसरा, तिसरा आणि चौथा थर मधनं पोकळ कापायचा, तिथं टँक डेक. चार थरांची उंची ७.२ सेंटिमीटर होते, म्हणजे पाण्याची रेघ जवळजवळ तिथंच येते आणि तीच लोअर डेकची फरशी. वरचे तीन थर म्हणजे ५.४ सेंटिमीटर, लोअर डेकच्या खोल्यांची उंची. हे जुळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की बायको म्हणाली काय सापडलं एवढं. पोकळ कापताना भिंत किमान १५ एमएम ठेवा नाहीतर घासताना आरपार जाल, आणि एका बाजूला, आम्ही उजवी घेतली, मधला दीड फूट उघडा ठेवायचा आहे हे आत्ताच मार्क करा म्हणजे तिथं फेविकोल लागणार नाही. डावी बाजू पूर्ण जहाज, उजवी बाजू कापलेल्या फणसासारखी. क्लॅम्प लावून दोन दिवस, मग पटाशी, मग रंधा, मग कानस, दर दहा मिनिटांनी टेम्प्लेट लावून.

नाकाचा आकार कुठला घ्यायचा यावर गल्लीत आमची भांडणं झाली. तीन प्रकार. जुनं क्लिपर, पुढं झुकलेलं, बाजू वरती पसरत गेलेल्या, त्यामुळं पाण्याचे फवारे बाहेर फेकले जातात, दिसायला रुबाबदार. दुसरं सरळ उभं, पाण्यातली लांबी जास्त मिळते आणि आत जागाही जास्त. तिसरं उलटं, पाण्याशी पुढं आलेलं आणि वर मागं झुकलेलं, डिझायनर फिलिप स्टार्क यांनी २००८ च्या ११९ मीटरच्या 'ए' नावाच्या यॉटला दिलं तसलं, ती बघून अर्ध्या जगानं ती पाणबुडी आहे म्हटलं. पोरांना उलटंच पाहिजे होतं. मी सरळ केलं. एक तर करायला सोपं, आणि पहिल्यांदा करणाऱ्यानं हलचं वळण शिकावं, नाकाचे चोचले पुढच्या वर्षी.

एक माणूस इथं आठवायला पाहिजे, जॉन बॅननबर्ग. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, काम लंडनला. त्यांच्या आधी यॉटचं रूप बहुतेक नेव्हल आर्किटेक्टच ठरवायचे, म्हणजे इंजिनिअर म्हणेल तसं. बॅननबर्ग यांनी बाहेरची रेषा आणि आतली खोली एकाच हातानं काढायची असं सुरू केलं, १९७३ ची कारिंथिया ६, ल्युर्सनकडची ७१ मीटरची, तिचे फोटो आज बघितले तरी जुनी वाटत नाही. पुढं नाव झालेल्यांतले बरेच डिझायनर त्यांच्याच ऑफिसात शिकून गेले.

वरचे मजले. खऱ्या यॉटीत हल स्टीलचं आणि वरचे मजले ॲल्युमिनियमचे असतात, कारण वर वजन वाढलं की जहाज डुलतंय. स्टीलला ॲल्युमिनियम थेट वेल्डिंग होत नाही, म्हणून मध्ये एक पट्टी घालतात, एक बाजू स्टील आणि एक बाजू ॲल्युमिनियम, आणि ती दोन धातू स्फोट करून एकमेकांत दाबून जोडलेली असतात. फौंड्रीत ही गोष्ट मी सांगितली तर कुणी विश्वास ठेवेना. आपल्या मॉडेललाही तेच तत्त्व, खाली पाईन आणि वर हलकं, म्हणजे ३ एमएम प्लायची फरशी आणि २ एमएम ॲक्रिलिकच्या भिंती. खडेबाजारात बोर्ड करणारे तुकडे देतात.

खिडक्या कापत बसू नका. सगळी भिंतच काळ्या चकचकीत ॲक्रिलिकची करा, हीट गननं तापवून कोपरे गोल वळवा, आणि वरनं पांढऱ्या पट्ट्या चिकटवा. खऱ्या यॉटीतपण हीच लबाडी असते. सगळीकडं काच नसतेच, दोन काचांच्या मधली भिंत काळी रंगवून एक सलग पट्टा दिसेल असं करतात. चार मजली वस्तू लांब आणि बुटकी दिसायला हवी, नाहीतर पाण्यावर अपार्टमेंट उभं केल्यासारखं वाटतंय. त्यासाठी आणखी दोन गोष्टी: प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा मागनं आत घ्या, पायऱ्यांसारखा, आणि छताच्या कडा बाहेर काढून पातळ ठेवा म्हणजे त्यांची सावली काचेवर पडेल. मजल्याची खरी जाडी आत लपवायची. छताची कड आम्ही खालनं तिरकी रंधली, ३ एमएमची प्लाय १ एमएमची दिसायला लागली.

पुट्टी आणि रंग ह्यात जो घाई करतो त्याचं जहाज फोटोत चालतं, समोर नाही. खऱ्या यॉटीचं स्टील वेल्डिंगनं कुठं फुगलेलं कुठं दबलेलं असतंय, त्यावर फिलर लावून लांबलचक पट्ट्यांना पॉलिश पेपर लावून माणसं महिनोन्‌महिने घासतात, ती आरशासारखी बाजू तिथनं येते. आपणही लांब पट्टीच वापरायची, बोटानं घासलं की बोटाएवढा खड्डा पडतोच. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे एक कन्नड मामा आमच्या शेजारी आहेत, मला वाटलं झालं म्हणून त्यांना दाखवायला नेलं, त्यांनी हल ट्यूबलाईटखाली धरलं, ट्यूबचं प्रतिबिंब नागमोडी दिसलं आणि म्हणाले, "इन्ना स्वल्प तिक्करी." अजून थोडं घासा. असं पाच वेळा झालं. त्यांनी शिकवलेली युक्ती: सरफेसरवर, म्हणजे रंगाच्या आधीच्या अस्तरावर, काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारायचा आणि घासायचं, जिथं काळं राहिलं तिथं खड्डा.

आणि रंग मे महिन्यात संपवा. गणपतीला अजून वेळ आहे म्हणून जुलैत फवारायला गेलात तर बेळगावची हवा अशी ओली असते की एनसीचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग पांढरट पडतो, सगळा सोलून परत. म्हणून काम होळी झाली की सुरू करायचं. खाली पाण्याच्या रेघेखाली गडद निळा किंवा लाल, वर पांढरा, मधली रेघ टेप लावून. पांढरा कंटाळवाणा वाटतो म्हणून पोरं काळा म्हणत होती. गडद रंगाच्या यॉटी असतात, पण उन्हात तापतात आणि घासण्यातला प्रत्येक गुन्हा दाखवतात, तेव्हा बघा बाबांनो.

डेक सागवानाचा. ह्यात आपण खानापूरच्या शेजारी राहतो त्याचा फायदा, कुठल्याही सुताराकडं सागवानाच्या व्हेनिअरचे तुकडे पडलेले असतात. खऱ्या यॉटीत सागवान का, कारण त्यात तेल असतं, खाऱ्या पाण्यानं कुजत नाही आणि ओल्या पायाला घसरत नाही. नामवंत यॉटींवर म्यानमारच्या जंगलातलं सागवान लागायचं, २०२१ ला युरोपियन युनियननं तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले तेव्हापासनं लागवडीचं सागवान आणि नकली डेक दोन्हींची चर्चा वाढलीय. फळ्यांच्या मध्ये काळा रबरासारखा मसाला भरलेला असतो, त्या काळ्या रेघाच डेकची ओळख. १:५० ला फळी जेमतेम १ एमएमची होते, ती कशी करायची? व्हेनिअरचे दोन तुकडे, मग काळा चार्ट पेपर, परत दोन तुकडे, परत पेपर, असं फेविकोलनं ठोकळा होईपर्यंत रचायचं, दाबून सुकवायचं आणि मग त्या ठोकळ्याच्या बाजूनं पातळ चकत्या कापायच्या. प्रत्येक चकती म्हणजे रेघा मारलेला तयार डेक. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, कुंद्याची वडी कापताना सुचली, पण नंतर कळलं की मॉडेलवाले हे पूर्वीपासनं करतात. असो.

आता आतलं. इथं सगळ्यात जास्त वेळ जाऊ द्या.

छत खाली घ्या. लोअर डेकची आपली उंची ५.४ सेंटिमीटर आहे, पण पाहुण्याला मिळते ४.३, म्हणजे खरी २.१५ मीटर. वरचं अर्धा मीटर एसीचे डक्ट, वायरी, आगीचे स्प्रिंकलर ह्यांनी खाल्लेलं असतं. आपल्याला तीच जागा एलईडी पट्टी लपवायला होते. पाहुण्याची खोली ९ बाय १० सेंटिमीटर, डबल बेड ४ बाय ३.६, दरवाजा ४.१ उंच, बोळ २.२ रुंद. खलाशांची खोली ह्याच्या निम्म्याहून लहान, एकावर एक दोन बंक, आणि तीही दाखवा. लपवू नका. आमच्याकडं लोक मालकाची खोली बघून वा म्हणायचे आणि खलाशांची बघून थांबायचे.

यॉटीच्या फर्निचरला घरातल्या फर्निचरपेक्षा वेगळं काय असतं, तर ते हलत्या घरात आहे. कोपरे सगळे गोल, कारण लाटेत माणूस आपटतो. शेल्फला पुढं बारीक कठडा, नाहीतर ग्लास खाली. ड्रॉवर दाबल्याशिवाय उघडत नाहीत. टेबलं जमिनीला पक्की. कोपरे गोल करायचे विसरलात तर शिपवाला माणूस लगेच ओळखतो की हे हॉटेल बघून केलंय.

दुसरं वजन. आत संगमरवर दिसतो तो आपल्या देवघराच्या फरशीसारखा नसतो, काही मिलिमीटरची पातळ चकती कापून ती ॲल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पाटीवर चिकटवतात. लाकडाच्या भिंतीही तशाच, आत हलका गाभा आणि वर व्हेनिअर. आणि जहाज लाटेवर जरासं वाकतं बरं का, स्टील असलं म्हणून काय झालं, त्यामुळं दोन पाट्यांच्या मध्ये बारीक फट सोडावी लागते, ती फटच मग डिझाइन म्हणून दाखवतात. खोलीची फरशी आणि भिंती रबरावर तरंगत्या बसवतात, म्हणजे इंजिनाची थरथर पलंगापर्यंत येत नाही. डब्यात डबा ठेवल्यासारखं.

मॉडेलसाठी संगमरवर आणि लाकूड कुठनं आणायचं? सनमाईकाच्या दुकानातनं जुनी शेड कार्डं मागा, फुकट देतात, त्यात शेकडो तुकडे. निवडताना मात्र बारीक रेषेचाच तुकडा घ्या. लाकडाची रेषा घरच्या मापाची असते, १:५० च्या खोलीत ती लावलीत तर भिंतीवर साप काढल्यासारखं दिसतं. कापडाचंही तसंच. वहिनींनी हौसेनं शहापुरी साडीचा तुकडा दिला पलंगाला घालायला, काठाची नक्षी एवढी मोठी आली की पलंगापेक्षा नक्षीच दिसायला लागली. शेवटी काठ सोडून मधलं साधं कापड घेतलं, तिची साडी वाया गेली नाही आणि रंगही तोच राहिला. उशा कापसाच्या, गादी पातळ रबर शीटची.

रंग किती? माझं मत, एका मजल्याला एक लाकूड, एक दगड, एक कापड. पोरांना प्रत्येक खोलीला वेगळी थीम पाहिजे होती, एक राजवाडा, एक डिस्को. खऱ्या यॉटींतही असले प्रकार झालेत, सोन्याचे नळ वगैरे, पण हल्ली बऱ्याच ठिकाणी फिकं लाकूड, कमी चकाकी आणि खिडकीतनं समुद्र दिसेल असं बसवतात. समुद्र बाहेर असताना आत झुंबर कशाला बघायचं? सोफे खिडकीकडं तोंड करून ठेवा, टीव्हीकडं नव्हे.

बीच क्लब हे नवीन यॉटींचं लाडकं कोपरं. मागची भिंत बिजागरीवर खाली पडते आणि पाण्याच्या पातळीला अंगण होतं. पूर्वी तिथं छोट्या बोटी ठेवायचे. आता त्या बोटी बाजूच्या दारातनं काढतात, नाहीतर पुढच्या डेकखाली घालतात, आणि मागची जागा माणसांना मोकळी. मॉडेलला छोटी पितळी बिजागरी लावा, शोकेसची चालते. हे दार उघडं ठेवूनच मांडा.

नांगर बाहेर लोंबता ठेवू नका, हलमध्ये खोबणी करून आत बसवा, पुढचा दोरखंडाचा पसाराही डेकखाली झाकलेला असतो. हेलिपॅड करायचाच असेल तर पुढच्या डेकवर गोल आणि एच, पण ६० मीटरच्या यॉटीवर तो बऱ्याचदा नसतोच, आणि खरं सांगू का, तिथं गणपतीची मूर्ती बसवायचा ठराव कमिटीत झाला होता. मी म्हटलं बाप्पाला मखर आहे, यॉट बाजूच्या टेबलावर. नको ते नको.

लाईट १२ व्होल्टचीच एलईडी पट्टी, पिवळसर उजेडाची, ॲडॅप्टर मंडपाच्या बाहेर कोरड्या जागी. मंडपाची लाईन थेट आत घेऊ नका, पाऊस कुठनंही टिपकतो. पट्टी छताच्या पोकळीत लावा आणि उजेड भिंतीवर पडू दे, बल्ब डोळ्याला दिसला की मजा गेली. खलाशांच्या बोळात मात्र पांढरी पट्टी लावा, खालनं एक थंड रेघ जाते आणि लोकांना न सांगता कळतं की इथनं दुसरीच माणसं चालतात. माणसं ३.४ सेंटिमीटरची, मातीची करा नाहीतर आर्किटेक्चरची पोरं वापरतात ती आणा. टॉवेल घेतलेली एक पोरगी त्या बोळात उभी करायला विसरू नका, चंदगडवाला येऊन बघून जातो दरवर्षी.

वरचे मजले एकमेकांना चिकटवू नका, लहान चुंबकं बसवा, पट्टी गेली तर उचलून बदलता येते. विसर्जनादिवशी एकानं विचारलंच, बोट पण कपिलेश्वर तलावात सोडायची काय. ती सरळ तरंगणार नाही, उजवी बाजू उघडी आहे. जुन्या धोतरात गुंडाळून, चार डांबरगोळ्या टाकून माळ्यावर ठेवा, वाळवी लागू नये म्हणून भिंतीपासनं हातभर लांब.